आतून कडी

चाफले दलाल म्हणाला,
"हॉल मस्त आहे ताई, किचनही चालून जाते,
पण लोक बाथरूम पाहतात अन् मांगं सरतात.
दोन लाख तिथंच अडकून राहिले तुमचे."
मी आत जाऊन शोधले.
दोन लाख दिसले नाहीत.
नळाच्या मानेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता,
आणि दाराला कडी,
अकरा वर्षांपासून न लागणारी.

मे महिना. प्लंबर भिवापूरला, साळ्याच्या लग्नात.
"उद्या येतो ना बाप्पा," असं तो रोज म्हणायचा,
मागे बँड वाजत असायचा.
तेव्हा मी दिलीपला म्हटलं, आपणच करू.
आणि लग्नानंतर पहिल्यांदा
तो "रविवारी" म्हणाला नाही.

इतवारीत मुर्तुजाभाईंच्या दुकानात
मी यादी वाचली, वॉर्डात औषधं वाचते तशी:
पांढरं सिमेंट दोन किलो, एम-सील,
टेफ्लॉन टेप, स्टीलची कडी, स्क्रूसकट.
"मिस्त्री कोण आहे?" त्यांनी विचारलं.
"मेडिकलची स्टाफ नर्स," मी म्हटलं.
त्यांनी एक टेप फुकट दिली.

पहाटे पाचला काम सुरू,
कारण नऊनंतर टाकीचं पाणी
चहा टाकावा इतकं तापतं
आणि सिमेंट घमेल्यातच आवळतं.
जुन्या टूथब्रशनं फरशीचे सांधे घासले.
एकेका सांध्यातून एकेक वर्ष निघालं,
काळं, साबणाचं, थोडं केसाचं.
टेफ्लॉन कुठल्या बाजूनं गुंडाळायचा,
दिलीप फोनवर व्हिडिओ शोधत बसला.
मला बोटांनीच सांगितलं.
तीस वर्षं बँडेजच बांधतेय,
सैल नाही, आवळून नाही, शेवट आत दाबून.
तो टॉर्च धरतो.
दर वेळी भलतीकडे.

टपटप थांबली त्या रात्री
मला झोप आली नाही.
कूलर एकटाच बोलत होता.
वीस मिनिटांचं काम होतं ते,
आणि वॉशर बारा रुपयांचा.
"आपण असे का राहिलो रे?" मी विचारलं.
"पाणी तर येत होतं ना," दिलीप म्हणाला
आणि दुखरा गुडघा उशीवर ठेवून झोपला.
बेश्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे.
म्हणून तर हे सगळं.

कडी सगळ्यात शेवटी बसवली.
चौकट फुगलेली, जुनी भोकं रुंद झालेली,
त्यांत काडेपेटीच्या काड्या ठोकल्या फेव्हिकॉल लावून,
मग स्क्रूनं दात रोवले.
खट्.
इतका स्वच्छ आवाज
या घरात कधी झाला नव्हता.

शनिवारी ढोबळे कुटुंब आलं.
मुलगा खाणीत नोकरीला, सून दिवस गेलेली,
आणि सोबत सुनेची आई,
तिनं पर्सही खाली ठेवली नाही.
नळ सोडला, बंद केला, बोटानं पुसून पाहिला.
मग फरशीवर आकडे वाकवून ठकठक करत निघाली,
डॉक्टर छाती वाजवून पाहतात तशी.
बादलीमागची एक तिनं सोडली.
मला माहीत होतं ती पोकळ आहे.
दिलीप माझ्याकडे बघत होता, मी काय करणार हे ओळखून.
"ती पण वाजवून पाहा," मी म्हटलं.
ठप्प.
पंधरा हजार कमी झाले.
बाई पहिल्यांदा हसली,
"बाकीच्या चांगल्या आहेत, तुम्ही खोटं बोलत नाही," म्हणाली
आणि चहा मागून घेतला.

इसारा झाला. चाफलेनं पेढे खाल्ले,
त्यानंच आणलेले.

रात्री अंघोळीला गेले.
पांढरे सांधे, चकचकीत नळ,
नवी कडी, पूर्ण आत सरकवलेली.
पॅसेजमधे दिलीपच्या चपला वाजल्या,
जवळ आल्या,
आणि मी खाकरले.

चपला थांबल्या.
वळल्या.
अकरा वर्षं वळत होत्या तशाच.